तोंड न बघता 'या' म्हटलं

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मेव्हणीच्या घरात घडलं, आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलं.

रात्र नव्हती.

फेब्रुवारीतली, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातली भर दुपार होती. आमच्या उरुग्वेत गावाकडे त्या वेळी सगळे झोपतात, कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.

निदिया, माझ्या बायकोची धाकटी बहीण, घरी बसून कॉम्प्युटरवर परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवायची. मॉन्टेविडिओत घरभाडं भरून ती आणि तिचा नवरा वाल्देमार टेकीला आले होते. मग कळलं, पासो देल ताला नावाच्या आडगावात जमिनीखालून इंटरनेटची वायर आलीय, आणि वेग असा की शहरातही मिळणार नाही. दोघांनी बिऱ्हाड हलवलं. वाल्देमारने थोड्या मेंढ्या घेतल्या. पण घर चालायचं ते निदियाच्या गळ्यावर आणि त्या वायरीवर.

समोरच्या शेतातली म्हातारी, एर्सीलिया, गाव तिला मानाने 'दोन्या' म्हणायचं, लगेच भेटायला आली. फाटकाशी उभी राहिली, टाळ्या वाजवल्या, स्वतःचं नाव पुकारलं. गावात हीच रीत. घरातल्या माणसाने बाहेर यायचं, तोंड बघायचं, मगच 'या' म्हणायचं.

निदिया आतूनच ओरडली, "या, या, उघडंच आहे."

"काय गं पोरी," म्हातारी आत येत म्हणाली, "तोंड न बघता हो म्हणतेस? लग्नही असंच केलंस का?"

"शहरात बटण दाबलं की दार उघडतं, दोन्या. जाईल सवय."

"लवकर घालव. वायरीसाठी तुमच्या फाटकापाशी चर खणला ना... तिथे माणसं निघाली. जुन्या यादवीतली. गुडघ्यांवर बसवून मेंढरासारखे गळे चिरलेली. मुकादमाने हाडं परत लोटली आणि वरून वायर टाकली."

"म्हणजे आमचं इंटरनेट मेलेले ओढतात," वाल्देमार हसला. "उगाच नाही एवढं पळत."

म्हातारी हसली नाही.

काही दिवसांनी निदिया शिकवत होती. कानांवर हेडफोन होता. समोरचा विद्यार्थी मध्येच थांबला.

"बाई, तुमच्याकडे कोणीतरी टाळ्या वाजवतंय."

तिने हेडफोन काढला. बाहेर सामसूम.

पुन्हा लावला...

टप. टप. टप.

गॅसवाला असेल, तिला वाटलं. मान न वळवता ती ओरडली, "या, पुढे या."

कोणी आलं नाही.

कुत्रा मात्र टेबलाखाली शिरला आणि तिथेच मुतला.

सकाळी फाटकाशी एक मेंढी पडली होती. गळा या कानापासून त्या कानापर्यंत चिरलेला. आणि गवतावर... रक्ताचा एक थेंब नाही.

दोन्या एर्सीलियाने मेंढी पाहिली, निदियाकडून कालच्या टाळ्यांचं ऐकलं. "टाळ्या वाजवल्या त्याने नाव घेतलं होतं?"

"नाही. नुसत्या टाळ्या."

"गळाच नाही, तर नाव कुठून घेणार?" म्हातारीने निदियाचं मनगट धरलं. "घर तू देऊन बसलीस, पोरी. वाल्देमारला घे आणि आत्ता माझ्याकडे चल."

निदिया घाबरली होती. पण म्हातारीच्या घरी वायर नव्हती, आणि दुपारचा वर्ग चुकवला तर काम जाईल ही धास्ती.

"एवढा वर्ग उरकते, मग दोघंही येतो."

ती चूक तिला आजही झोपू देत नाही.

दुपारी वाल्देमार आतल्या खोलीत झोपला. निदियाने वर्ग सुरू केला. तोच विद्यार्थी. बोलता बोलता त्याचा चेहरा उतरला.

"बाई... तुमच्या मागून लोक आत चाललेत."

"कोण लोक?"

"माहीत नाही. रांगेत आहेत..."

ती धावत आत गेली.

वाल्देमार पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसला होता. केस कोणीतरी मुठीत धरून मान मागे खेचावी तशी मान ताणलेली. मूठ मात्र दिसत नव्हती. डोळे उघडे होते, तिच्याकडेच बघत होते.

आणि कानाखालून गळ्यावर एक लाल रेघ सरकत होती...

हळूहळू...

निदिया झेपावली. तोंडावर काहीतरी आदळलं आणि दोन दात जिभेवर आले. ती उठली, पुन्हा झेपावली. कोणीतरी तिचा हात पिरगळला. हाड मोडलं तो आवाज तिला ऐकू आला. मग ती भिंतीवर आपटली. वाल्देमारच्या छातीवर रक्त उतरत होतं.

निघा, हे घर माझं आहे, असं तिला ओरडायचं होतं. घशातून नुसता वारा आला.

पुढचं तिला कसं सुचलं, ते तिलाही सांगता येत नाही. ती सरपटत उंबऱ्याबाहेर गेली. मोडक्या हाताने तिने टाळ्या वाजवल्या, परक्याच्या फाटकाशी वाजवतात तशा. त्या टाळ्यांचा अर्थ एवढाच: घर तुमचं. मी पाहुणी. माझं माणूस तेवढं न्यायला आलेय.

आत सगळं थांबलं.

मग उत्तर आलं...

टप. टप. टप.

आणि वाल्देमार धाडकन जमिनीवर पडला.

तिने त्याला एका हाताने ओढत रस्त्यापर्यंत नेलं. दोन्या एर्सीलियाने गाडीवाल्याला बोलावलं. त्या घरात पुन्हा कोणी पाऊल टाकलं नाही, कपडे आणायलाही नाही.

वाल्देमार वाचला. जखम वरवरची होती, टाके पडले. निदियाचा आवाज परत आला, त्याचा नाही. आत काहीच कापलेलं नाही, मग हा बोलत का नाही, हे डॉक्टरांना आजवर सांगता आलेलं नाही. दोघं पुन्हा मॉन्टेविडिओत राहतात. त्याला काही हवं असलं की तो टाळ्या वाजवतो.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. निदिया माझ्यासाठी माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, करायला भांड्यात गरम पाणी ओतत होती. आतल्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या. वाल्देमार उठला असेल, असं वाटून मी बसल्या जागेवरून हाक मारली, "ये रे, ये बाहेर."

निदियाचा हात थांबला. पाणी टेबलावर सांडत राहिलं.

"भाऊजी," ती अगदी हळू म्हणाली, "वाल्देमार औषधं आणायला गेलाय."

आम्ही दोघंही त्या दाराकडे बघत राहिलो. दार उघडलं नाही. पण टाळ्याही पुन्हा वाजल्या नाहीत.

हे मी माझ्या बायकोला अजून सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, अलीकडे तुम्ही दुपारी झोपत का नाही?