कामापुरतंच बोला

"साहेब, आज सकाळी उठल्यापासून तुम्ही जे जे बोललात, त्यातलं कामाचं किती होतं?"

प्रश्न केतकी भारंबेनं विचारला, पण पैज अलिशा तडवीची होती. "भर सभागृहात विचारलंस ना, तर आठवडाभर अम्मीच्या हातचा ठेचा तुझा," असं अलिशा शेवटच्या बाकावरून कुजबुजली होती. ठेच्यासाठी केतकी काहीही करायला तयार असायची.

सभागृहात खसखस पिकली. मंचावर वाघुळदेसाहेब उभे होते, कंठपट्टा योजनेचे जिल्ह्याचे अधिकारी. माणूस भला. त्यांनी खरंच डोकं खाजवून आठवायला सुरुवात केली.

"चहा मागितला, ते कामाचं. मग चहा पांचट झालाय म्हणालो..."

"ते कामाचं?"

"ते अंगाशी आलं," साहेब म्हणाले, आणि मुख्याध्यापिकासुद्धा हसल्या.

दोन वर्षांपूर्वी हीच केतकी हजेरीलाही नुसता हात वर करायची. तिच्या मेंदूचा हुकूम घशापर्यंत नीट पोचायचा, पण तिथले स्नायू तो अर्धामुर्धाच पाळायचे. त्यामुळे शब्द बाहेर यायचा तो ओल्या कागदासारखा, उचलायला गेलं की फाटणारा. मग कंठपट्टा आला. गळ्याभोवती बसणारी बोटभर रुंदीची मऊ पट्टी. स्नायूंची ती अर्धवट थरथर पट्टा टिपायचा, दूरच्या एका मोठ्या संगणकाकडे धाडायचा, आणि तिकडून ओळखून आलेला शब्द इवल्याशा स्पीकरमधून खणखणीत बोलायचा. सगळं पापणी लवायच्या आत.

सुरुवातीला पट्ट्याला काही कळायचं नाही. तो आपला म्हणायचा, "पुन्हा सांगा." केतकी पुन्हा सांगायची. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मग एके दिवशी त्याला सगळंच कळायला लागलं, आणि त्या दिवसापासून केतकी जी सुरू झाली ती थांबलीच नाही. बडबड कमी व्हावी म्हणून बाईंनी तिची जागा तीनदा बदलली. परिणाम एवढाच, की आता तिला तीन मैत्रिणी जास्त होत्या.

"प्रश्न चांगला आहे, बाळ," साहेब आता गंभीर झाले. "पण माझी अडचण ऐक. सगळ्या पट्ट्यांचा भार त्या एकाच संगणकावर. निधी कमी होणार असं वरून सांगतायत, आणि पट्ट्यासाठी रांगेत उभी असलेली माणसं वाढतायत. म्हणून प्रस्ताव असा, की आवश्यक संभाषण सरकारच्या खर्चानं. पाणी, जेवण, औषध, दुखतंय, मदत, शौचालय, हो, नाही. बाकी गप्पा, गाणी, भांडणं ज्यानं त्यानं आपल्या खर्चानं. आज संध्याकाळी सातपासून रविवार सकाळपर्यंत आपल्या तालुक्यात चाचणी. पुढच्या सोमवारी जनसुनावणी. तिथे येऊन विचार."

केतकीला ठेचा मिळाला. पण त्या दिवशी तो नेहमीसारखा झणझणला नाही.

*

"गल्लीभर झालंय तुझं," आईनं ताटात भरीत वाढताना सुनावलं. आईचं घराच्या पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर होतं, त्यामुळे निंबोरीतली कुठलीही बातमी आधी तिच्या खुर्चीत येऊन बसायची. "अगं, मोठ्यांच्या तोंडी लागलं की पदरात आहे तेही जातं. पूर्वी तुला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं, विसरलीस?"

"पण आई, मला पाण्याशिवाय दुसरं काही नसतं का बोलायला?"

"ते आपण आपल्या खर्चानं बघू. काय हो? वरची खोली भाड्यानं दिली तर?"

"बघू," बाबा म्हणाले. बाबा केळी पिकवायच्या शीतगृहात काम करायचे. दिवसभर त्या गार, बंद खोल्यांमध्ये राहून त्यांचं बोलणंही थंड पडलं होतं, असं आईचं मत.

"बाबा तर जन्मापासूनच आवश्यक संभाषणावर आहेत," केतकी म्हणाली. बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "आणि आई, आजचं भरीत इतकं भारी झालंय ना, की—"

पट्ट्यावरचा हिरवा ठिपका पिवळा झाला. सात वाजले होते.

केतकीनं वाक्य पुरं केलं. घशात थरथर झाली, स्पीकरमधून काहीच आलं नाही. तिनं पुन्हा म्हणून पाहिलं. वांगी चांगली भाजलीत म्हणाली. लसूण जरा जास्त पडलाय म्हणाली. पट्टा ढिम्म.

"पाणी," ती शेवटी वैतागून म्हणाली.

"पाणी!" पट्टा खणखणीत बोलला. आईनं लगबगीनं तांब्या पुढे केला, आणि तिच्या चेहऱ्यावर केवढी तरी सुटका दिसली. "बघ! चालतंय की!"

केतकी पाणी प्यायली. तिला तहान नव्हती. तिला भरिताचं कौतुक करायचं होतं.

*

पहिले दोन दिवस तिनं धमालच केली. बीजगणिताचा तास सुरू झाला, की "मदत! मदत!" अलिशा गायला लागली, की "दुखतंय!" वर्गाला तर नवा खेळच मिळाला. तिच्याकडे फक्त आठ शब्द होते, पण भुवया, खांदे आणि जीभ बाहेर काढणं यांवर कुठल्याही प्रस्तावाची मर्यादा नव्हती.

गुरुवारी मधल्या सुट्टीत ती "पाणी" म्हणाली आणि पट्टा म्हणाला, "पुन्हा सांगा."

तिला वाटलं, घाई झाली. तिनं सावकाश म्हटलं.

"पुन्हा सांगा."

शुक्रवारी "जेवण"ही जाईना. आईनं तिचा गळा चाचपला, टॉर्च लावून घसा पाहिला, हळदीचं दूध दिलं. बाबा भर दुपारी कामावरून घरी आले आणि तिच्याजवळ बसून राहिले. घसा बिघडतोय का? पुन्हा पहिल्यासारखं होणार का? हा प्रश्न तिघांच्याही डोळ्यांत होता. केतकीला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की मला भीती वाटतेय. पण भीती आवश्यक यादीत नव्हती.

शनिवारी तिला बरं वाटावं म्हणून अलिशा पार्लरमध्ये येऊन बसली. तेवढ्यात विमलमावशी तायडे केसांना मेंदी लावायला आल्या, बरोबर त्यांची सून. विमलमावशी म्हणजे जळगाव गाडीवरच्या शेवटच्या कंडक्टर. एसटी विनाचालक आणि विनावाहक झाली, त्याच्या आधीच्या काळात त्यांचा आवाज म्हणे गाडी दिसायच्या आधी फाट्यावर पोचायचा. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि तो आवाज गेला. त्यांच्याही गळ्यात कंठपट्टा होता.

मावशींनी काहीतरी म्हटलं.

"पुन्हा सांगा," त्यांचा पट्टा म्हणाला.

"पहिल्यापासून असंच," सून म्हणाली. "काही उपयोग नाही बघा. तरी मी किती जपते! वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही."

खरंच, पट्ट्यावर कंपनीनं चिकटवलेलं पारदर्शक आवरण तसंच होतं, टीव्हीच्या रिमोटवर असतं तसं, कडेनं पिवळं पडलेलं.

"सरकारी वस्तू आहे. झिजली तर दुसरी कोण देणार? त्यांना सांगितलंय, कामापुरतंच बोला."

केतकी त्या प्लास्टिककडे बघत राहिली. मग तिनं आपल्या गळ्याला हात लावला. मग ती ताडकन उठली, आईच्या कोल्ड क्रीमच्या बरणीत बोट बुडवलं आणि आरशावर भलंमोठं लिहिलं: उपाशी!

"माझा आरसा!" आई ओरडली.

"जेवली नाहीस का?" सून म्हणाली.

केतकीनं जोरजोरात मान हलवली, मावशींच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या. आणि अलिशाच्या डोक्यात ट्यूबलाइट पेटली.

"काकू, पट्टा उपाशी आहे! अहो, घसा रोज सारखा नसतो ना. सर्दी होते, थकवा येतो, आपण वाढतो. थरथर रोज थोडी बदलते, म्हणून पट्ट्याला रोज नव्यानं शिकावं लागतं. तो शिकतो बोलण्यातून. केतकी दिवसभर बडबडायची, त्याचं पोट भरलेलं असायचं! आता त्याच्यापर्यंत जातं ते दिवसाला चार वेळा पाणी नि दोन वेळा जेवण. एवढ्यावर कोण काय शिकेल?"

"म्हणजे," सून सावकाश म्हणाली, "मी त्यांना बोलू दिलं नाही म्हणून..."

मावशींनी तिचा हात थोपटला. बोलता येत नसलं तरी माफ करायचं त्यांना जमत होतं.

आईनं आरसा पुसला. मग म्हणाली, "हे सगळं तुमचं वाटणं झालं. खरं कशावरून?"

*

खरंखोटं रविवारी ठरलं. सकाळी चाचणी संपली, ठिपका हिरवा झाला आणि केतकी बोलायला लागली. तोंड धुताना, चहा पिताना, कुंड्यांना पाणी घालताना. पट्टा "पुन्हा सांगा" म्हणाला की ती दामटून पुन्हा सांगायची. दुपारच्या जेवणापर्यंत तो वाक्यं पुरी करायला लागला होता. आईनं देवापुढे साखर ठेवली.

मग विमलमावशींना बोलावणं गेलं. सुनेनं प्लास्टिक सोलून काढलं. "बोला, मावशी!" अलिशा म्हणाली. मावशी लाजल्या. वर्षभर कामापुरतं बोललेल्या माणसाला एकदम "बोला" म्हटलं तर तो काय बोलणार? केतकीनं विनोद सांगितले, अलिशानं कोडी घातली. मावशी नुसत्या हसल्या.

"सरका तुम्ही दोघी," आई म्हणाली.

तिनं मावशींना खुर्चीत बसवलं, टॉवेल गुंडाळला, कोमट तेल घेतलं आणि माथ्यावर बोटं फिरवायला लागली. आणि अगदी सहज, जसं काही तिला उत्तराची गरजच नव्हती, म्हणाली, "मावशी, तुमच्या गाडीतून एक मास्तर रोज बिनतिकिटाचा जायचा म्हणे. खरं का हो?"

मावशींचे डोळे चमकले.

"पुन्हा सांगा," पट्टा म्हणाला. मावशींनी पुन्हा सांगितलं. "पुन्हा सांगा." पुन्हा. आई तेल जिरवत राहिली, हं हं म्हणत राहिली, मध्येच "अगंबाई!" म्हणत राहिली. कधी एक शब्द निसटून बाहेर यायचा, कधी दोन. मास्तरावरून गोष्ट बाजाराच्या टोपल्यांवर गेली, तिथून कुणाच्या तरी पळून जाऊन केलेल्या लग्नावर. उन्हं कलली. शेजारच्या दोघी-तिघी भुवया करून घ्यायला आल्या आणि भुवया विसरून ऐकत बसल्या. पार्लर गच्च भरलं.

आणि त्या गर्दीकडे बघून विमलमावशींनी मान ताठ केली.

"पुढे सरका, पुढे सरका! दारात काय चिकटलाय? गाडी सासऱ्याची आहे का?"

एक क्षण कुणालाच काही कळेना. मग असा हशा उसळला, की बाबा आतून धावत आले. सून हसता हसता रडत होती. आणि मावशी? त्या वर्षभराचं राहिलेलं बोलून घेत होत्या. पट्टा चारातला एक शब्द अजून चुकवत होता, पण त्यांना थांबायला वेळ नव्हता.

*

रात्रीच्या जेवणाला भरीतच होतं. केतकीनं फर्माइश करून करायला लावलं होतं, कारण कौतुक बाकी होतं.

"उद्या सुनावणी," आई म्हणाली. तिची काळजी परत आली होती. "साहेब वाईट नाहीत गं. पण ते म्हणतील, पैसे नाहीत. रांगेतल्या लोकांना कुठून देऊ? मग तू काय सांगणार?"

"तेच, की उपाशी पट्टा रांगेतल्या लोकांना देऊन काय फायदा? तो त्यांना पाणीसुद्धा मिळवून देणार नाही. आणि आई, एक सांग. तुझ्याकडे बायका नुसत्या भुवयांसाठी येतात?"

आई हसली. "भुवयांसाठी आल्या असत्या तर पार्लर कधीच बंद पडलं असतं."

"मला एक विनोद येतो," बाबा अचानक म्हणाले.

दोघींनी घास हातातच धरून त्यांच्याकडे बघितलं.

"केळ्यावरचा आहे. फारसा बरा नाही. पण सुनावणीत चालणार असेल तर... मी रजा टाकतो."

केतकी उठून उभी राहिली. पट्ट्याचा हिरवा ठिपका तिच्या गळ्याशी लुकलुकत होता. शुक्रवारची भीती अजून गेली नव्हती, पण आता ती सांगायलाही तिच्याकडे शब्द होते.

"आई, बाबा, मला भीती वाटतेय, तरी मी ठरवलंय. दर रविवारी आपल्या पार्लरमध्ये तालुक्यातल्या सगळ्या कंठपट्टेवाल्यांचा गप्पांचा अड्डा भरणार. आणि उद्या मी, विमलमावशी आणि बाबा सुनावणीला जाणार, आणि पहिली दहा मिनिटं तिथे एकही कामाचा शब्द बोलणार नाही. बाबांचा विनोद, मावशींचा मास्तर, तुझं भरीत, सगळं सांगणार. साहेब हसले, की मग विचारणार: आता तुम्हीच सांगा साहेब, यातलं नेमकं काय कापायचं?"