शुक्रवारची शांतता

पेडलवरचा तिसरा खटका दाबला की आवाज बदलायला अठरा मिलिसेकंद लागत होते. पहिल्या दोन खटक्यांना अकराच. मृणालीने चार वेळा मोजलं, वहीत लिहिलं आणि पेन इतक्या जोरात आपटलं की टोपण उडून टेबलाखाली गेलं.

"एवढ्याशा फरकावर एवढा राग?" दारातून भावेशने विचारलं. पाठीवर गिटार, ओठांवर हसू.

"राग त्याचा नाही. चप्पल काढ, आत ये आणि हे बघ."

तिने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. काल त्यानेच टाकलेला व्हिडिओ. 'कामतघरात वाजवतोय दोस्तांनो, लूमच्या गल्लीत! जराही घरघर न्हाय. हे पेडल डोळे झाकून घ्या. टेस्टिंग कोणाचं? आमच्या मृणाली मॅडमचं!'

मृणाली कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये कामाला होती. वाद्यांचं दुकान चालवणाऱ्या प्रितेशने हे महागडं मल्टि-इफेक्ट्स पेडल तिला आठ दिवसांसाठी दिलं होतं. एका पेटीत शंभर आवाज, गिटारवाल्याने पायाने बदलायचे. हळदीत वाजवणाऱ्या पोरांनी ते घ्यावं की नाही, ते तिने तपासून सांगायचं. वाजवायला भावेश, मोजायला ती.

दोघांची ओळखही हळदीतलीच. दोन वर्षांपूर्वी टेमघरला त्याच्या ॲम्पचा तिला झटका बसला होता. "अर्थिंग कोणी तोडलं?" म्हणून ती मांडवभर ओरडली, आणि हा वाजवायचं सोडून तिच्याकडे बघतच राहिला... त्याच महिन्यात त्याने लग्नाचं विचारलं. उत्तर अजून मिळालं नव्हतं.

"काल वार कोणता होता?" मृणालीने विचारलं.

"शुक्रवार."

"शुक्रवारी या गल्लीत काय असतं?"

"सुट्टी—" भावेशचं हसू विझलं. "आयला. लूम बंद."

"गाव दिघाशी असलं तरी दहा वर्षं इथे वाजवतोयस ना? शनिवारपर्यंत थांब म्हटलं होतं मी! आता वाजव."

भिंतीपलीकडे, घराच्याच लाइटच्या लाइनवर, कापड विणणारे लूम खडखडत होते. त्याने वायर जोडली. तार छेडायच्या आधीच ॲम्पमधून जाडजूड घूंऽऽ सुरू झालं. मृणालीने आवाज गाळायचं बटण फिरवलं. घरघर गेली, पण लांबवलेला सूरही मध्येच तुटला, गाणाऱ्याच्या तोंडावर कुणी हात ठेवावा तसा.

"ऐकलंस? तुझ्या शब्दावर पोरं हे घेणार, भर मांडवात फजिती होणार, आणि नाव माझं!"

"चिडलीस की काय दिसतेस गं..."

"भावेश. आत्ता नाही."

तो मान खाली घालून तारेवरून अंगठा फिरवत राहिला. "काढून टाकतो व्हिडिओ."

"आणि ज्यांनी बघितला त्यांचं काय?"

त्याने मोबाइल तिच्या पुस्तकांना टेकवून उभा केला.

"दोस्तांनो, काल मी चुकीचं बोललो. लूम बंद होते. मॅडमनी थांब सांगितलेलं, मीच थांबलो न्हाय. आता ऐका, लूम चालू हायत." अर्धा मिनिट त्याने ती घरघर तशीच ऐकवली. "बाकी आवाज झकास हायत. पण आपल्या हितल्या लायटीच्या लायनीवर, मांडवात... घेऊ नका."

व्हिडिओ टाकल्यावर दोन मिनिटांत कुणीतरी खाली विचारलं, 'भाऊ, मॅडमनी धुतला काय?' त्याने मोठ्याने वाचलं आणि उत्तर टाकलं, 'हो.'

मृणालीला हसू येत होतं, पण राग उतरत नव्हता.

"दोन वर्षं उत्तर का दिलं नाही, ठाऊक आहे?"

"आमचं गाव लांब पडतं म्हणून?"

"समोरच्याला आवडेल तेच तू बोलतोस म्हणून! मग मला जे बोलतोस ते तरी खरं कशावरून?"

"आता तर... कुणालाच न आवडणारं बोललो. मलापण."

"बघितलं मी." तिचे कान तापले होते. "अजून खूप चिडलेय. दात काढू नकोस."

"न्हाय काढत."

"उद्या आईंना घेऊन ये इकडे."

"काय सांगू तिला?"

पलीकडे आणखी एक लूम सुरू झाला. मृणालीला ओरडावंच लागलं—

"सांग, मी तुझ्याशी लग्न करणार आहे!"