दीडच्या खोलीतले ते दोघे

पटो न पटो, हे घडलंय. त्यातलं एक रेकॉर्डिंग मी माझ्या कानांनी ऐकलंय.

हा माझा मावसभाऊ. घरात सगळे त्याला 'दीड' म्हणतात. दीडशहाणा हे पूर्ण नाव. वय सव्वीस. चष्म्याच्या दुकानात मागे बसून काचा घासायचा, फ्रेममध्ये बसवायचा. तिसऱ्या मजल्यावर एक खोली. मित्र शून्य.

पण रात्री साहेबांचा दरबार भरायचा! अंथरुणात पालथं पडून मोबाइलवर अनोळखी लोकांच्या फोटोंखाली घाण करत सुटायचं. कुणाचं लग्न... 'टिकेल का?' कुणाचं बाळ... 'बापावर गेलं नाही वाटतं.' पहाटे तीनपर्यंत हाच उद्योग. समोरचा चिडला की याला गुदगुल्या. तेवढाच काय तो माणसांशी संबंध.

झोपेचं पार खोबरं झालं. गेल्या मार्चमधल्या एका मंगळवारी गड्याने डावी काच उजव्या बाजूला बसवली.

मालक म्हणाला, "अरे, झोपतोस की नाही? की तुलाच चष्मा लावू?"

म्हणून त्याने झोप मोजणारं अ‍ॅप घेतलं. खोलीत आवाज झाला की ते रेकॉर्ड करतं.

बुधवारी दुकानात त्याने ऐकलं. घोरणं. पंख्याची करकर.

मग... तीन चाळीसला...

"झोपला?"

बाईचा आवाज. मोबाइलच्या अगदी जवळ.

"झोपला एकदाचा," पुरुष वैतागून म्हणाला.

"याच्याकडे कुणीच कसं येत नाही हो?"

"कोण येणार? तोंड बघ त्याचं."

आणि दोघं हसले.

दीडने शेजाऱ्यांना शिव्या घातल्या. मग त्याच्या लक्षात आलं... पलंगालगतच्या भिंतीपलीकडे शेजारी नाहीच. तिसऱ्या मजल्यावरची नुसती हवा.

त्या रात्री त्याने खिडकी लावली, दाराला आतून कुलूप घातलं, मोबाइल उशीखाली ठेवला.

गुरुवारी सकाळी तो माझ्या दारात. "दादा, हे ऐक ना."

मी ऐकलं. ती बाई त्याने लिहिलेलं एकेक वाक्य वाचत होती. पोराची वही तपासावी तशी.

"'टिकेल का?' शी! एवढंच सुचतं याला?"

मग ती थांबली...

"'मलाही बोलवायचंस ना.'"

यावर ते दोघं हसले ते हसतच राहिले.

"हे कुणाला लिहिलंस?" मी विचारलं.

"शाळेतल्या मित्राला. त्याच्या घरी सगळे जमले होते... पण दादा, मी ते पाठवलंच नव्हतं. लिहून पुसलं होतं."

"लोकांनी बघावं म्हणून तूच केलेलं नाटक असेल हे!" मी म्हणालो.

 

दीडने अ‍ॅप काढून टाकलं, खोली सोडली. आता मावशीकडे राहतो, दहाला झोपतो. रोज मला फोन करतो, गोड बोलतो.

पण बोलता बोलता मधेच थांबतो... कुणाला तरी बोलू दिल्यासारखा.

काल मी विचारलं, "मावशी आहे का तिथे?"

"नाही रे. आई परवाच गावाला गेली. एकटाच आहे."

मग फोन जरा लांब धरून, हळू आवाजात तो म्हणाला...

"हो, झोपतोच आहे."

आज त्याचे तीन फोन येऊन गेले.

मी उचलले नाहीत.