सुरकुतीचे तीस दिवस

पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो चिखलात बसला होता. गोऱ्या डुकरिणीच्या पाठीवर दोन्ही हात दाबून ती माजावर आहे का ते बघायला गेला, आणि तिने त्याला सरळ आडवा केला.

"साहेब, तिची मर्जी नाहीये," मी म्हणाले.

"पुस्तकाप्रमाणे आज असायला हवी."

"तिने वाचलंय का पुस्तक?"

तो हसला. गालावर चिखल, कानात चिखल... आणि काय सांगू, मी तिथेच घसरले. फान रुई त्याचं नाव. उत्तरेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातून ताइहू तळ्याकाठच्या आमच्या डुक्कर-पैदास केंद्रावर आला होता. आमच्या काळ्या गावठी डुकरिणींना एका वेळी सोळा-सतरा पिल्लं होतात, परदेशी गोऱ्यांना दहा-अकराच. असं का, हे त्याला शोधायचं होतं.

"गोऱ्या मनातलं दाखवत नाहीत," मी त्याला शिकवलं. "काळ्यांचं सगळं चारचौघांत. माज आला की गाव गोळा करतात."

"आणि तू?"

"मी काळ्यांतच वाढलेय... बघ काय ते."

मार्चमध्ये काळ्या-गोऱ्या सगळ्या एकाच आठवड्यात फळवल्या. संध्याकाळी तो माझ्या लाडक्या सुरकुतीचे कान खाजवत बसायचा. आठ वेतांची म्हातारी ती. माझी आई गेली त्या साली मी तिला बाटलीने दूध पाजून जगवलं होतं.

"काळ्यांची पिल्लं पोटात सावकाश वाढतात," तो म्हणाला. "शेजारच्याला जागा ठेवतात. गोऱ्यांना मोठं व्हायची घाई. मग काही आतच विरून जातात."

"तुला नाही वाटत कसली घाई?"

"मला तीस दिवस आहेत," तो म्हणाला, आणि माझ्या हातावर हात ठेवून खाली बघू लागला. मला वाटलं, लाजला.

तिसाव्या दिवशी काय, ते मी केंद्राच्या व्यवस्थापकांना, थाओकाकांना विचारलं. ते हसलेच.

"पोटातली मोजायची तर पोट फाडल्याशिवाय कशी मोजणार, वेडे? बारा काळ्या, बारा गोऱ्या. तुझी सुरकुती त्यात असणारच."

फान रुईला जाऊन विचारायला हवं होतं. पण त्याने लपवलं, मग मी का तोंड उघडू? एकविसाव्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "सुरकुती उलटली. पुन्हा माजावर आलीय." माझ्या हातावर केंद्रात कुणी शंका घेत नसे. रिकामी, म्हणजे गाभण न राहिलेली डुकरीण मोजणीतून वगळतात, एवढंच मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी छिंगमिंग, पितरांचा सण. आईचं थडगं झाडायला गावी गेले. येताना त्याच्यासाठी चिकट तांदळाचे हिरवे लाडू आणले. सुरकुतीचं खोपटं रिकामं, धुऊन ठेवलेलं होतं.

फान रुई दाराशी बसला होता, डोळे लाल.

"काकांनी कत्तलखान्यात पाठवली. म्हातारी, त्यात भाकड, म्हणाले. खूप विनवलं गं... ऐकलं नाही. मग रिकामी का राहिली ते बघायला मी गर्भाची पिशवी मागून घेतली."

"सतरा गर्भ होते, सूचिन. सतराही जिवंत. तुझा हात तर चुकत नाही..."

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "तिला वाचवायला."

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिसाव्या दिवशी कापायच्या बारा काळ्यांची यादी. त्यात सुरकुती नव्हतीच.

"पहिल्याच दिवशी वगळली होती मी. तिची पिल्लं जन्मली की तुला सांगणार होतो... आणि लग्नाचं विचारणार होतो."

"मग बाकीच्यांचं का नाही बोललास?"

"कळलं असतं तर तू माझ्याकडे बघितलं नसतंस. म्हटलं, तीस दिवस तरी मिळू देत."

माझं प्रेम होतं त्याच्यावर. तिथेच, लाडू हातात धरून, ते मी त्याला सांगितलं.

"मग चल माझ्याबरोबर."

"कशी येऊ रे? तू माझ्याकडे बघशील तेव्हा तुला सतरा आठवतील. मलाही."

तिसाव्या दिवशी बाकीच्या गेल्या. एकतिसाव्या दिवशी तो गेला — मागे न बघता.

केंद्रात अजूनही सगळे माझ्याच हातावर विसंबतात. पाठ दाबून मी सांगते, माजावर नाही, गाभण आहे. रिकामी म्हणायची वेळ आली की दुसऱ्या कुणाला तरी पुढे करते.