ओळख न पटलेली डिस्क

शनिवारी सकाळी आठ वाजता बिरागोनं डिस्कची वायर चौथ्यांदा बदलली, आणि कॉम्प्युटरनं चौथ्यांदा तेच सांगितलं: हे उपकरण ओळखता आलं नाही.

"ओळखता आलं नाही म्हणे! मेल्या, तीन वर्षं तुझ्या शेजारी पडून होती ती!"

बिरागो कुमासी शहरातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. चूक सापडेपर्यंत ती कुणालाच सोडायची नाही, मग तो कॉम्प्युटर का असेना.

आज तर सोडून चालणारच नव्हतं. नवरा ओसेई जाऊन चाळीस दिवस झाले होते, आणि दहा वाजता त्याचे मामा ओपानिन अग्येमान किल्ल्या घ्यायला येणार होते. ते कुळाचे प्रमुख, म्हणून सगळे त्यांना मानानं ओपानिन म्हणत. आशांती लोकांमध्ये पुरुषाची मिळकत त्याच्या आईच्या कुळात परत जाते, बायकोनं गाठोडं उचलायचं. पण ओसेईनं जिवंतपणीच हे घर साक्षीदारांसमोर तिला दिलं होतं. रीतीप्रमाणे तिनं आभाराची बाटली फोडून त्यांना पाजलीही होती. ती दारू ज्याच्या घशाखाली उतरली तो साक्षीदार, आणि मग ते देणं कुणाच्या बापाला मोडता येत नाही. मामांना हे मान्यच नव्हतं. त्या दिवशी ते मुद्दाम सुन्यानीला जाऊन बसले होते.

साक्षीदारांपैकी दोघं वारले, एक परदेशात गेला. उरला बाइडू, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. चित्रण त्यानंच केलं होतं. पण तो पडला फांती जमातीचा, कुळाबाहेरचा. त्याच्या नुसत्या शब्दाला कोण विचारतो? चित्रण हवं होतं, आणि ते ह्या डिस्कवर होतं. मंगळवारपासून बिरागो तिच्या मागे लागली होती. गुरुवारी बाइडूनं येऊन हात टेकले होते. आज तो पुन्हा आला.

"मॅडम, हर्मटान वाऱ्याची धूळ गेली असेल भोकात," असं म्हणत त्यानं फुंकर मारली, ब्रशनं साफ केलं आणि वायर मागच्या बाजूला लावली. दिवा लागला, डिस्क गुणगुणू लागली. पडद्यावरच्या यादीत ती दिसली, पण नाव नाही, ड्राइव्हचं अक्षर नाही. बाइडूनं तिला एक अक्षर दिलं. यादीतून ती गायबच झाली.

"तुम्हा फांतींना केंकी खाण्यापलीकडे काही येतं का रे?"

"आणि तुम्हा आशांतींच्या डिस्कासुद्धा गर्विष्ठ! हाक मारली तरी ओ देत नाहीत."

त्यानं ती स्वतःच्या लॅपटॉपला लावली. तिथे दिवाही लागला नाही. परत घरच्या कॉम्प्युटरला लावल्यावर लागला. वैतागून त्यानं वायर उपसली.

दिवा तसाच राहिला.

"चाक फिरतंय अजून. थांबेल आता," बाइडू म्हणाला. दोघं बघत बसले. दहा मिनिटं झाली तरी गुणगुण चालूच होती. बिरागोनं हात लावला तर डिस्क ताप आलेल्या अंगासारखी गरम होती. बाइडू खुर्ची मागे सरकवून उठला.

"मॅडम, ही वीज कुठून घेतेय?"

"मला काय विचारतोस? मी गणिताची बाई आहे."

"मी म्हणतो, राहू द्या. काही गोष्टी…"

"राहू देणार नाही!" बिरागो कडाडली. "चाळीस दिवस रडून झालंय माझं. जिवंत माणसांना भ्यायले नाही, आता ह्या डबड्याला भिऊ?"

मग ती थबकली. दारात आलेल्या माणसाला आधी बसायला द्यायचं, पाणी द्यायचं आणि मगच येण्याचं कारण विचारायचं, ही तिच्या घरची रीत. कारण विचारल्याशिवाय पाहुणा तोंड उघडत नाही. आणि मंगळवारपासून ती नुसती वायर खुपसत होती.

तिला स्वतःचाच राग आला. असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तरी तिनं डिस्क चांगल्या खुर्चीत ठेवली आणि पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला.

"बसा. इकडे सगळं ठीक आहे. तुमचं येणं कशासाठी?"

वायर जमिनीवरच पडली होती. पडद्यावर डिस्क उघडली. आत एकच चित्रण होतं.

दहा वाजता अग्येमान आले. नवंकोरं काळं कापड खांद्यावर, मागे तीन भाचे.

"किल्ल्या, मास्तरीणबाई."

"आधी बसा, ओपानिन. बघा."

चित्रात हाच दिवाणखाना होता. ओसेई म्हणाला, "हे घर मी माझ्या बायकोला देतो." बिरागोनं पेला फिरवला. पहिला साक्षीदार प्यायला, दुसरा, तिसरा.

चौथ्या खुर्चीत अग्येमान होते.

खांद्यावर तेच काळं कापड. त्यांनी पेला रिकामा केला आणि कापडाच्या काठानं ओठ पुसले.

"मी नव्हतो तिथं," मामा म्हणाले. भाचे त्यांच्याकडे बघत राहिले. "हे कापड तर काल…"

बोलता बोलता त्यांचा हात वर गेला. त्यांनी कापडाच्या काठानं ओठ पुसले.

"तिखट होती," ते हळूच म्हणाले. "आठवलं. फार तिखट होती. चला रे पोरांनो. घर बाईचं आहे. मी प्यायलोय."

ते गेले. बिरागोनं फाटक लावलं आणि किल्ल्या कमरेला खोचल्या. खोट्या साक्षीनं का होईना, न्याय खराच झाला होता. तिला जराही लाज वाटली नाही.

"पण ते सुन्यानीला होते रे," ती बाइडूला म्हणाली.

"कोण? ओपानिन? मॅडम, त्यांना खुर्ची मीच दिली होती की!"

त्याच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. तो निघून गेला आणि बिरागो एकटी उभी राहिली. तिलाही आठवू लागलं होतं: तिनं पेला पुढे केला तेव्हा मामांची बोटं लागली होती, गार.

नाही. खरं काय ते लिहून ठेवायला हवं, आत्ताच्या आत्ता. तिनं शाळेची टाचणवही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि शेवटचं पान उलटलं.

तिथे तिच्याच अक्षरात दोन नोंदी होत्या. त्या लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं.

गुरुवार. चित्रण झालं त्या वर्षी बाइडू ताकोरादीला होता. आमची ओळखही नव्हती. विसरायचं नाही.

त्याच्या वर, मंगळवार. ओसेईनं घर मला दिलं नव्हतं. असा कार्यक्रम कधी झालाच नाही. विसरायचं नाही.

बिरागोनं दोन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. मग काही न लिहिता तिनं पेनाला टोपण लावलं.