टाकीच्या मापाचा मासा

"याला दोन फुटी टाकी पुरेल ना हो?"

मी विचारलं आणि काउंटरला टेकून उभ्या असलेल्या त्या उंच मुलाने आधी काचेतल्या बोटभर चंदेरी माशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

"पुरेल? अहो, लोळेल त्यात!" तो म्हणाला. "मासा टाकीच्या मापानेच वाढतो. छोटी टाकी, छोटा मासा. निसर्गाचा नियम आहे."

"नक्की?"

"शंभर टक्के. आणि काही अडलंच तर... माझा नंबर घेऊन ठेवा."

मी नंबर फोनमध्ये घातला, तेवढ्यात खरा दुकानदार चहा पिऊन आला. "काय रॉनी, गप्पी माशांचं खाणं मिळालं ना तुला? मग अजून इथेच?"

मी वळून पाहिलं. रॉनीचे कान लाल झाले होते.

"म्हणजे तुम्ही दुकानातले नाही?"

"आहे असं कधी म्हटलं मी?"

दुकानदाराने मात्र लगेच मान डोलावली. "बरोबर सांगितलं त्याने. दोन फुटी बास झाली." त्याला काय, आलेलं गिऱ्हाईक जाऊ द्यायचं नव्हतं.

मुलुंडच्या त्या दुकानात मी काही हौसेने गेले नव्हते. आई गेल्यापासून बाबांनी माझ्या लग्नाचा ध्यास घेतला होता. बाबा बँकेतून रिटायर झालेले, व्यवहाराला एकदम पक्के, पण एका वास्तुवाल्याने त्यांना गाठलं. म्हणाला, उत्तरेच्या भिंतीशी अरोवाना मासा ठेवा, वर्षाच्या आत मुलीचं ठरेल. आमच्या नाहूरच्या घरात उत्तरेच्या भिंतीशी मोकळी जागा दोनच फूट, दार आणि चपलांचं कपाट यांच्या मधली. नशिबालाही शेवटी चपलांच्या कपाटाशी जुळवून घ्यावं लागतं!

पाणी गढूळ झालं तेव्हा मी त्या नंबरवर फोन केला. रॉनी डिमेलो पाइप आणि बादली घेऊन हजर झाला. आणि मग दर रविवारी येऊ लागला. राहायला दहिसरला, मावशीबरोबर. काम नाहूरच्याच एका नव्या टॉवरमध्ये फ्लॅट विकायचं. त्याच्या बोलण्यावर बाबा पहिल्याच दिवशी खूश झाले. मी? मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांच्या पाठी बघते. माणूस काय बोलतो यापेक्षा कसा उभा राहतो, हे मला आधी दिसतं. हा पोरगा बाबांशी बोलताना किंचित वाकायचा, कारण बाबा ठेंगणे. ते मला आवडलं.

"सँपल फ्लॅटचं एक गुपित सांगू?" तो एकदा म्हणाला. "तिथले पलंग आम्ही मुद्दाम आखूड करून घेतो. खोली मोठी वाटते. लोक विचारतात, डबल बेड मावेल का? मी म्हणतो, मावतं हो, सगळं मावतं."

"आणि मग त्यांचे पाय?"

"पाय... पझेशननंतर कळतात."

मी हसले. त्या वेळी हसूच आलं होतं.

तो काचेच्या त्या बाजूने शेवाळ घासायचा, मी या बाजूने फडकं मारायची. मध्ये पाणी. त्या पाण्यातून त्याचा चेहरा हलत हलत दिसायचा.

"काय बघतेस?"

"मासा."

"मासा डावीकडे आहे, गंधाली."

...कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, कळलंसुद्धा नाही.

मासा मात्र निसर्गाचा नियम मोडून वाढत होता. बोटभराचा वीतभर झाला, मग हातभर होऊ लागला. वळताना त्याचं नाक एका काचेला घासायचं आणि शेपटी दुसरीला. अंग पार दुमडून, थांबत थांबत तो वळायचा. एक डोळा खाली ओघळल्यासारखा झाला होता. आणि एका रविवारी मला त्याच्या पाठीत बाक दिसला. अशा पाठी रोज माझ्या टेबलावर येतात. चुकणं शक्य नव्हतं.

बाबा दूध आणायला खाली गेले होते.

"रॉनी, हा मासा किती वाढतो?"

तो पाइप उगाच गुंडाळू लागला.

"खरं सांग."

"तीन फूट," तो हळूच म्हणाला. "त्या दिवशी मला काही माहीत नव्हतं गं. तू विचारलंस आणि... तोंडातून निघून गेलं. दिवसभर तेच बोलतो ना मी. नंतर वाचलं."

"नंतर म्हणजे कधी?"

"पहिल्यांदा इथून घरी गेलो, त्याच रात्री."

"आणि इतके महिने गप्प बसलास?"

"मासा दुसरीकडे हलवला असता तर मी कुठल्या निमित्ताने आलो असतो इथे?"

मला संताप आला. खरं सांगायचं तर त्या संतापाखाली कुठेतरी गोडही वाटलं, आणि त्याचा आणखी राग आला. माझ्यासाठी एका मुक्या जिवाने पाठ मोडून घ्यायची?

बाबा आल्यावर रॉनीने त्यांना स्वतःहून सगळं सांगितलं. चूक माझी, काका, मासा हलवायला हवा, असं सरळ म्हणाला. बाबा ऐकून घेत होते, पण हलवायचं नाव काढताच त्यांचा चेहरा घट्ट झाला.

"गंधाचं लग्न ठरेपर्यंत मासा हलणार नाही. घरातली लक्ष्मी आपल्या हाताने बाहेर घालवू?"

"मग ठरवून टाकू ना, काका," रॉनी म्हणाला. "मी आहे की—"

"चूप!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारचं दार उघडलं. "सौदा करतोस? माशाबरोबर मला पण बसवतोस का कुठेतरी? मावते हो, म्हणून?"

तो गेला. पाइप आणि बादली तशीच राहिली.

पुढचे रविवार मी एकटीने पाणी बदललं. काचेपलीकडे भिंत दिसायची, नुसती भिंत. मला त्याची आठवण यायची, दिवसातून कितीतरी वेळा यायची. पण फोन मी केला नाही. उद्या यानेच संसाराबद्दल विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला 'शंभर टक्के' म्हटलं, तर मी काय खरं मानायचं?

एका संध्याकाळी क्लिनिकमधून आले तर टीव्ही बंद होता. बाबा टाकीसमोर खुर्ची ओढून बसले होते.

"त्याची पाठ बघा, म्हणत होतीस ना, म्हणून आज नीट बघितलं," ते म्हणाले. "लता अशीच वळायची गं."

लता म्हणजे माझी आई. मी पर्स तशीच खांद्यावर ठेवून उभी राहिले.

"तो मोठा फ्रीज मी आणला ना, तेव्हापासून. ओटा आणि फ्रीज यांच्यामधून ती तिरकी होऊन जायची. मी विचारलं होतं, अडचण होते का? म्हणाली, नाही हो, मावते मी." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी ते खरं मानलं. मला सोयीचं होतं ना."

मी पर्स खाली ठेवून त्यांच्याशेजारी बसले. मासा दुमडला, थांबला, वळला.

"फोन कर त्या मुलाला," बाबा म्हणाले. "मासा जाऊ दे. तुझ्या लग्नाचं ओझं त्याच्या पाठीवर कशाला?"

मी फोन केला. "मासा हलवायचाय," एवढंच म्हणाले.

"जागा तयार आहे," तो म्हणाला.

दहिसरच्या गावठाणात त्याच्या तेरेसा मावशीचं घर. मागे पूर्वी भाजीची वाडी होती, तिच्या पाण्यासाठी बांधलेला मोठा हौद कोरडा पडून होता. गेले कित्येक दिवस कामावरून आल्यावर रॉनी तो घासत होता. शेवाळ खरवडलं, चुन्याने भेगा बुजवल्या, पाणी भरून काही दिवस तसंच ठेवलं, माशाने उडी मारू नये म्हणून वर जाळी बसवली. हे त्याने नाही, मावशींनी सांगितलं.

"मी विचारलं, ती पोरगी येणारे का? तर म्हणतो, माहीत नाय. मग कशाला घासतोस? तर म्हणतो, मासा तर येईल," मावशी हसत म्हणाल्या. त्यांनी बाबांना चहा दिला आणि हौदाच्या काठावर खुर्चीही दिली.

थर्माकोलच्या मोठ्या खोक्यातून आम्ही दोघांनी मासा पाण्यात सोडला. तो तिथेच थांबला. मग थोडा पुढे गेला, आणि दोन फुटांवर अंग दुमडून वळला. पुढे काच नव्हती, काहीच नव्हतं, तरी वळला. परत आला, परत वळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रॉनी शेजारी उभा होता. चुन्याने त्याची बोटं फुटली होती.

"रॉनी, जमेल का रे आपलं?" मी विचारलं. "बाबा एकटे आहेत, त्यांना सोडून मी येणार नाही. तुझी मावशी आहे. तुमचं चर्च, आमचे गणपती... नातेवाईक बोलतील ते वेगळंच. जमेल?"

त्याने तोंड उघडलं. आता काय ऐकायला मिळणार ते मला पाठ होतं. पण त्याने तोंड मिटलं, आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "खरंच माहीत नाही, गंधाली. मला तू हवी आहेस, एवढंच माहीत आहे. बाकीचं... मोजून बघावं लागेल."

इतक्या महिन्यांत त्याच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं उत्तर, ज्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. मी त्याचा फुटलेला हात हातात घेतला.

"मग मोजू या," मी म्हणाले. "मलाही तू हवा आहेस. त्या दुकानात तुझे कान लाल झाले होते ना, तेव्हापासून."

"गंधा!" पलीकडून बाबा ओरडले. खुर्ची सोडून ते हौदाच्या कठड्याला धरून चालत होते, अगदी त्या टोकाकडे. "अगं, बघ बघ! सरळ गेला! वळलाच नाही!"

आम्ही दोघं बघायला धावलो. हात सोडायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.