तीन टाळ्या आणि खोलीतला चौथा

या बाळांनो, असे जवळ या. मागच्यांनी पुढं सरकावं, पुढच्यांनी मांडी आवरून घ्यावी. देवाच्या दयेनं आज सांगायला एक गोष्ट आहे, आणि तिच्या पोटात एक कोडं आहे. जे कुणीच बाहेर सांगितलं नाही, ते दुसऱ्याच्या घरी पोचलं कसं?

गोष्ट आहे अजून वीस-पंचवीस वर्षांनंतरच्या मिरजेतली. ते दिवस आलेत असं समजा. रिक्षा आपल्या आपण वळणं घेतायत, कौलांतून वीज निघतेय. पण दत्तजयंतीचं कीर्तन मात्र अजून माणूसच उभं राहून करतंय, आणि ते माणूस म्हणजे उमाआजी.

उमाआजी ही सहावीतल्या शाल्मलीच्या आईची मावशी. सारी उमर तिनं माणसाचं बोलणं समजणारी यंत्रं घडवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर हातात चिपळ्या घेतल्या. "आधी यंत्रांना ऐकायला शिकवलं, आता माणसांना शिकवते. माणसं जास्त अवघड," असं ती म्हणायची. शाल्मलीच्या घरी पुढच्या खोलीत कीर्तनाचा सराव चाले. हार्मोनियमवर असायचे बशीरकाका. वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आजीनं पद उचलायच्या आधीच त्यांची बोटं सुरावर जाऊन बसत.

एके दिवशी टाळ्यांच्या गजरात सराव संपला. बशीरकाकांनी भाता बंद केला आणि हळूच म्हणाले, "उमाताई, वरच्या सप्तकातले सूर मला नीट ऐकू येईनासे झालेत. बोटं सवयीनं जातात, कान मागं राहतो. उत्सव होईस्तोवर कुणाला बोलू नका. कमिटीला कळलं तर माझ्या जागी वाजवणारं यंत्र आणून ठेवतील."

कोपऱ्यात शाल्मली होती. काका तिच्याकडे वळले. "तूपण नाही बरं का, पोरी."

"देवाशपथ नाही, काका."

दुसऱ्या दिवशी तिचा मित्र ओजस खेळायला आला. पुढच्या खोलीतच शाल्मलीचा 'भिंगरी' नावाचा गेम कन्सोल होता. त्याला बटणं नव्हतीच. तोंडानं सांगायचं, 'डावीकडे वळ', 'उडी मार', की पडद्यावरचा घोडा तसं करायचा. खेळ ऐन रंगात आला असताना पडद्याच्या कडेला एक जाहिरात उगवली. 'वरचे सूर ऐकू येत नाहीत? वादकांसाठी खास श्रवणयंत्र.' थोड्या वेळानं तशीच दुसरी आली.

"कुणाचा कान गेला गं तुमच्यात?" ओजस हसत म्हणाला. "आजीचा गेला असला तर मग कीर्तनात आम्हीच ओरडायचं."

शाल्मलीनं घाईघाईनं खेळ बंद केला. पण ओजसनं घरी जाऊन गंमत म्हणून ती जाहिरात सांगितली, आणि ओजसचे बाबा म्हणजे उत्सव कमिटीचे प्रमुख. वादक, वरचे सूर, शाल्मलीचं घर. त्यांनी काय ते ताडलं आणि संध्याकाळी थेट बशीरकाकांच्या दुकानात जाऊन विचारलं.

पुढच्या सरावाला काका आले ते पेटी न उघडताच बसले. एरवी 'काय गं, आज किती घोडे पाडलेस?' म्हणणारे काका शाल्मलीकडे बघेनात.

"खोलीत आपण तिघं होतो, उमाताई," ते म्हणाले. "तुम्ही सांगायच्या नाहीत. मी सांगितलं नाही. लेकराला मी रागवत नाही, पण उत्सवाला दुसरं कुणी बघा."

ते गेल्यावर शाल्मली भिंतीकडे तोंड करून रडली. आजीनं तिला रडू दिलं. मग विचारलं, "तू सांगितलंस?"

"नाही."

"मग खोलीत चौथा कोण होता, ते शोधू या."

आता बघा हं, विज्ञान काही आकाशातून पडत नाही. 'मला असं वाटतं' इथून ते निघतं, आणि 'करून बघितलं' इथं येऊन टेकतं. आजीचा संशय भिंगरीवर होता. पण नुसत्या संशयावर कुणाला चोर म्हणू नये, यंत्रालासुद्धा.

"आपण एक खोटंच गुपित बोलू," आजी म्हणाली. "ज्याचा या घराशी काडीचाही संबंध नाही असं."

शाल्मलीनं नाक पुसलं. "आपण उंट पाळणार आहोत."

"छान. गच्चीवर बांधू."

दोघी भिंगरीसमोर बसून उंटाबद्दल बोलल्या. त्याला खायला काय घालायचं, त्याची झूल कुठल्या रंगाची, शेजारचे जोशी तक्रार करतील का. त्या दिवशी पडद्यावर उंटाचं नावही दिसलं नाही.

"म्हणजे भिंगरी निर्दोष?" शाल्मलीचा चेहरा उतरला.

"घाई करू नकोस. त्या दिवशी खोलीत होतं आणि आज नव्हतं, असं काय?"

शाल्मलीनं डोळे मिटून तो दिवस आठवला. काका, पेटी, चिपळ्या, आजीचं नाचत मागं सरणं, आणि टाळ्या. तिचे डोळे खाडकन उघडले.

"आजी, भिंगरीला उठवायची खूण मी बदललीय. 'भिंगरी, ऊठ' म्हणायचा कंटाळा आला म्हणून तीन टाळ्या ठेवल्या."

उमाआजीनं कपाळावर हात मारून घेतला आणि मग तिला इतकं हसू आलं की ती खालीच बसली. कीर्तनकाराच्या घरात टाळी ही खूण. दिवसभर दुसरं वाजतं काय त्या घरात?

दुसऱ्या दिवशी दोघींनी टाळ्या वाजवून भजन म्हटलं आणि मधेमधे उंटाच्या गप्पा मारल्या. संध्याकाळी पडद्यावर उंटाची झूल आली, चारा आला, राजस्थानची सहल आली.

"आता नीट ऐक," आजी म्हणाली. "मी निरूपण करते तेव्हा तबलजी काय करतो? सगळं ऐकतो, पण हात मांडीवर. मी मान हलवली की थाप. भिंगरीचंही तसंच. तिच्यात एक छोटा पहारेकरी आहे. तो सतत ऐकतो, पण फक्त खुणेसाठी. बाकीचं ऐकलेलं तो लगेच टाकून देतो. म्हणून पहिल्या दिवशी उंट कुठं गेला नाही."

"आणि खूण मिळाली की?"

"की दार उघडतं. तुझं बोलणं समजण्याइतकी अक्कल या डब्यात नाही. म्हणून आवाज सर्व्हरकडे (दूर कुठंतरी असलेल्या, पुष्कळांची कामं एकदम करणाऱ्या मोठ्या संगणकाकडे) जातो. तिथं त्याचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लागतो आणि 'उडी मार' असा निरोप परत येतो. पण टाळ्यांनंतर आपण 'उडी मार' म्हणालो नाही. बशीरकाकांचं दुःख बोललो. दार उघडं, म्हणून तेही गेलं."

"तिथं बसून कुणी माणूस ऐकतो?"

"बहुतेक वेळा नाही. यंत्र शब्द वेचतं. 'सूर', 'कान', 'ऐकू येत नाही'. आणि त्यावरून काय विकता येईल ते ठरवतं. पण त्याला ती परवानगी दिली कुणी?"

सेटिंगमध्ये (यंत्रानं कसं वागावं हे जिथं ठरवतात तिथं) जाऊन पाहिलं. 'माझा आवाज जाहिरातींसाठी वापरा' यापुढं 'हो' होतं. शाल्मलीला आठवलं. 'हो' म्हटल्यावर पंखांचा घोडा फुकट मिळाला होता.

तिनं ते 'नाही' केलं. मग रागानं घरातलं इंटरनेटच बंद केलं. तर भिंगरी सुरूच होईना. 'आधी जोडणी करा,' एवढंच म्हणू लागली.

"खेळ तर हिच्या पोटातच आहे. मग बाहेर कशाला जायचंय हिला?"

"दोन कामं. एक तर ती रोज कंपनीला विचारते, 'ही प्रत खरी ना, चोरीची नाही ना?' उत्तर येईपर्यंत खेळ नाही. आणि दुसरं, तिला तुझं बोलणं कळत नाही. तिची अक्कल तिकडं ठेवलीय आणि कान इकडं. सगळ्यांनी असंच बनवायला हवं असं नाही. डब्यातच अक्कल ठेवता येते. थोडी कमी असते, महागही पडते, पण घरातलं बोलणं घरात राहतं."

शाल्मली उठली. कोडं सुटलं होतं, पण काका परत आले नव्हते. ती भिंगरी काखेत मारून दुकानात गेली. काका एका जुन्या भात्याला चामडं चिकटवत होते. तिनं काहीच समजावलं नाही. भिंगरी दुकानाच्या नेटला जोडली, 'हो' पुन्हा चालू केलं, तीन टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "काका, तुम्हाला हत्ती विकत घ्यायचाय का? अंकुश, अंबारी, सगळं मिळेल." मग दोघं चहा पीत बसली. चहा संपला, काकांनी तीन पेट्यांचे सूर लावले, आणि मग पडद्यावर अंबारी आली.

काकांनी वाकून अंबारी नीट बघितली. मग डिंकाची बोटं पुसून त्यांनी शाल्मलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू सांगितलं नव्हतंस तर."

"नाही. पण दार मीच उघडं ठेवलं होतं."

"दार लावता येतं गं. मी मात्र तुला विचारलंसुद्धा नाही." त्यांनी डिंकाची बाटली बंद केली. मग म्हणाले, "ती कानातली यंत्रं चांगली असतात म्हणे. पण ती घातली तर तीसुद्धा माझं बोलणं कुठं पोचवतील?"

शाल्मलीनं आजीकडून शिकलेलं बोटांवर मोजलं. "तीन प्रश्न विचारायचे, काका. तू कशानं जागं होतंस? माझा आवाज कुठं जातो? आणि बाहेरची जोडणी तोडली तर तू चालतंस का?"

आजीला घेऊन तिघं मिळून दवाखान्यात गेली. तिथल्या ताईंनी तीन यंत्रं दाखवली. शाल्मलीनं जोडणी तोडायला लावली तर पहिली दोन मुकी झाली. तिसरं चालत राहिलं. जे ऐकलं ते तिथंच मोठं करून कानात सोडायचं आणि विसरून जायचं, एवढंच त्याला येत होतं. काकांनी तेच घेतलं आणि ओजसच्या बाबांना जाऊन स्वतःच सांगितलं, "कान नवा लावलाय. पेटीवर मीच बसणार."

दत्तजयंतीला देऊळ भरलं होतं. आजीनं पदाचा शेवट तार सप्तकात नेला आणि हलकेच थांबवला. त्या शांततेत बशीरकाकांनी तो वरचा सूर धरला, पुष्कळ दिवसांनी स्वतःच्या कानांनी ऐकत. त्यांचे डोळे भरून आले होते. शाल्मलीच्या मनात मात्र एक नवीन खेळ आकार घेत होता. ज्याची अक्कल त्याच्याच पोटात असेल असा खेळ. मोठेपणी तो तीच बनवणार होती.

तर बाळांनो, देवानं तुम्हाला उदंड खेळ द्यावेत. पण तुमच्या घरात कुठलं यंत्र कान देऊन बसलं असेल, तर ते चालू करण्याआधी खोलीत आणखी कोण बसलंय ते बघा. त्या माणसानं ते यंत्र मागितलेलं नसतं, त्याला कुणी 'हो' की 'नाही' विचारलेलं नसतं. तेवढ्या वेळेपुरती बशीरकाकांची आठवण ठेवा.